दिल्लीचे दान आणि काशीची झोळी

महाराष्ट्रातून काशीयात्रेस येणाऱ्या आप्तेष्टांना घाट दाखविण्याचे काम येथील मराठी नोकरदारांच्या वाट्यास वर्षातून पाच-सात वेळा तरी येते, आणि ते आम्ही मोठ्या हौसेने करीत असतो. अहिल्याबाई घाटापासून नाव सुटली की दशाश्वमेध, मणिकर्णिका, शिंद्यांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट अशी ओळ लागते आणि पाहुण्यांचा ऊर अभिमानाने भरून येतो. अलीकडे या अभिमानात एका नव्या कौतुकाची भर पडली आहे. २०२१ च्या डिसेंबरात खुले झालेले विश्वनाथ धाम, त्याच वर्षी सिगरा येथे जपानच्या साहाय्याने उभे राहिलेले रुद्राक्ष सभागृह, रात्री उजळून निघणारे घाट हे सर्व पाहून पाहुणे निघताना हटकून विचारतात, "अहो, आमच्या गावी हे का होत नाही?" आणि त्याचे उत्तरही तेच देतात, "खासदार मोठा हवा!"

या उत्तरावर आम्ही आजवर हसून मान डोलावीत आलो. परंतु दिवसभर अनुदानांच्या फायली उपसणाऱ्या कारकुनाने तरी तशी मान डोलावू नये, असे आता आम्हास वाटू लागले आहे. आमच्या नगरशासनाचा सगळा रोग त्या तीन शब्दांत साठलेला आहे. ज्या गावाच्या गटारांचे व दिव्यांचे भाग्य खासदाराच्या थोरवीवर अवलंबून, त्या गावास आपण स्वराज्य मिळाले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मोठे खासदार येतात आणि जातात. १९८० साली काशीतून लोकसभेवर निवडून गेलेले कमलापती त्रिपाठी देशाचे रेल्वेमंत्री होते. २०१४ पासून खुद्द पंतप्रधानच येथील खासदार आहेत. या दोन टोकांच्या मधल्या वर्षांत काशीची गटारे तुंबणे थांबले होते काय, की यात्रेकरू येणे थांबले होते?

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट. १९६४ च्या वर्तणूक-नियमांनी सरकारी नोकराच्या लेखणीस कोणते कुंपण घातले आहे, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको; त्यांपैकी बहुतेक जण त्याच कुंपणाच्या आत आहेत. येथे कोणत्याही पक्षावर आरोप करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या रोगाविषयी आम्ही लिहीत आहोत तो आजच्या सर्व पक्षांहून जुना आहे, आणि तो सर्वांनी आलटून पालटून जोपासला आहे.

प्रथम गंगेचेच उदाहरण घेऊ. १४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी गंगा कृती योजनेचा प्रारंभ याच काशीत, राजेंद्रप्रसाद घाटावर केला. पहिल्या टप्प्यातील बांधकामाचा संपूर्ण भार केंद्राने उचलला. दीनापूर येथे दररोज ८ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. पुढे २००० च्या मार्चअखेर पहिला टप्पा संपल्याचे जाहीर झाले. तोवर देशभरात सुमारे ४५२ कोटी रुपये खर्ची पडले होते. केंद्रे बांधली गेली, शिला बसल्या, छायाचित्रे निघाली. मग प्रश्न आला तो अगदी कारकुनी स्वरूपाचा. पंपाचे वीजबिल कोणी भरावयाचे? यंत्र बिघडले तर सुटा भाग कोणी आणावयाचा? रात्रपाळीच्या माणसाचा पगार कोणत्या शीर्षाखाली घालावयाचा? हा चालविण्याचा भार राज्य सरकार व स्थानिक संस्था यांच्यावर टाकला होता, आणि त्यांच्या तिजोरीत त्यासाठी तरतूद नव्हती. वीज गेली की पंप बंद, पंप बंद पडला की मैला सरळ नदीत, असा तो क्रम वर्षानुवर्षे चालला. संकटमोचन मंदिराचे महंत व जलशास्त्राचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र हे आयुष्यभर हेच सांगत होते की, जेथे विजेचा भरवसा नाही तेथे विजेवाचून न चालणारी यंत्रणा बसवून नदी शुद्ध होणार नाही. त्यांचे ऐकले गेले ते फार थोडे.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, या चुकीपासून दिल्ली काहीच शिकली नाही असे नाही. नमामि गंगे योजनेखाली रमणा येथील ५ कोटी लिटरच्या केंद्राचा जो करार झाला, त्यात बांधणाऱ्यानेच ते १५ वर्षे चालवावे आणि बांधकामाच्या रकमेपैकी मोठा भाग त्यास हप्त्याहप्त्याने, काम नीट चालल्यासच मिळावा, अशी अट घातली गेली. हे शहाणपण स्वागतार्ह आहे. परंतु ते सुचावयास तीस वर्षे लागली, आणि तेही एका नदीपुरते. शहरात रोज नवे काही उभे राहते त्या सर्वांस अशी अट कोठे आहे?

बांधून देणारा आणि चालविणारा निरनिराळे असले की काय होते, हे आम्हा मराठी माणसांस कोणी परक्याने शिकवावे लागू नये. १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले हे आपण पाहुण्यांस अभिमानाने सांगतो. पण सांगताना अर्धीच गोष्ट सांगतो. माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्या माल्कमनेही नमूद केले आहे की, देशभरच्या क्षेत्रांत अहिल्याबाईंनी देवळे बांधली, तशी तेथे माणसे नेमली आणि दानधर्मासाठी दरसालची रक्कम पाठविण्याची व्यवस्था केली. तो पैसा होळकरांच्या खासगी उत्पन्नातून जात असे. दुर्गाघाटाकडे राहणारे आमचे एक वयोवृद्ध स्नेही एकदा म्हणाले, "अरे, दगड कोणीही बसवितो. दरसालची सोय लावून ठेवणे, हे त्या बाईचे मोठेपण." आम्ही त्यांस म्हटले, "काका, हे आमच्या मंत्रालयात कोणास सांगाल तर फाइल परत येईल. दरसालची सोय म्हणजे आवर्ती खर्च, आणि आवर्ती खर्चास योजनेत जागा नसते." काका हसले, आम्हास मात्र हसू आले नाही.

आता विचारावयाचे ते असे की, शहराने हा रोजचा खर्च स्वतः का करू नये? याचे उत्तर देण्यासाठी शहराच्या स्वतःच्या मिळकतीकडे पाहावे लागते, आणि तेथे पाहिले की असे दिसते की, त्याच्या हातातून एकेक साधन काढून घेण्यात आले आहे. जकात, इकडच्या भाषेत चुंगी, हे उत्तर भारतातील नगरपालिकांचे मुख्य उत्पन्न होते. ते उत्तर प्रदेश सरकारने १९९० साली बंद केले. जकातनाक्यांवरील खोळंबा व लाचलुचपत पाहता तो कर वाईट होता, हे आम्हास मान्य आहे. पण वाईट कर काढून त्या जागी चांगला कर दिला गेला नाही; राज्याच्या तिजोरीतून मिळणारी रक्कम दिली गेली. पुढे राज्याच्या पहिल्या वित्त आयोगाने राज्याच्या निव्वळ करउत्पन्नाचे शेकडा ७ शहरांना द्यावे असे ठरविले. नाक्यावर बसून स्वतः वसूल करणारे शहर लखनौच्या पत्राची वाट पाहणारे शहर झाले. त्यापूर्वीच, १९७४ साली, विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि नकाशे मंजूर करण्याचे शुल्क व वाढत्या जमिनीचा लाभ तिकडे गेला. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि घटनेच्या ज्या दुरुस्तीने तो आला, तिनेच जकातीची व जाहिरातकराची नोंद राज्यांच्या यादीतून पुसून टाकली. शहराच्या चौकात उभ्या असलेल्या जाहिरातफलकावरही कर म्हणून काही बसविण्याचा शहरास अधिकार उरला नाही.

राहता राहिली घरपट्टी. येथे काशीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कंपनी सरकारने १८१० साली घरांवर कर बसविला, तेव्हा या नगराने जो प्रतिकार केला तो हिंदुस्थानच्या इतिहासात संस्मरणीय ठरला आहे. दुकाने बंद झाली. लोहार, न्हावी, शिंपी, विणकर, कहार यांनी कामे टाकली. हजारो माणसे घरे सोडून उघड्या मैदानात जाऊन बसली. शेवटी तो कर सोडून द्यावा लागला. धरमपाल यांनी १९७१ साली या प्रकरणाचे कागदपत्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून सविनय प्रतिकाराची पूर्वपीठिका म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. हे लोक कर म्हटला की पळणारे नव्हते. मोहल्ल्याच्या फाटकावरील पहाऱ्यासाठी फाटकबंदीची वर्गणी ते देतच होते. फाटकबंदीचा पहारेकरी दारात उभा दिसत होता. कलकत्त्यास जाणारा पैसा पुन्हा गल्लीत दिसण्याचा संभव नव्हता. हा भेद त्या निरक्षर कहारास कळला होता.

दोनशेहून अधिक वर्षांनी आपण त्या हरताळाचे नाव घेतो, पण त्यातील निम्मा अर्थ टाकून देतो. २०२० च्या जुलैत येथील नगर निगमाने घाटांवरील पुरोहितांकडून, आरतीच्या व इतर कार्यक्रमांच्या आयोजकांकडून काही शुल्क घेण्याचे ठरविले. टाळेबंदीच्या वर्षी, घाट ओस पडलेले असता, पंड्यांकडे पैसा मागणे हे औचित्यास सोडून होते, यात शंका नाही. गदारोळ झाला आणि ठराव काही दिवसांतच मागे गेला. परंतु त्या गदारोळात एकाही पक्षाच्या एकाही पुढाऱ्याने असा प्रश्न विचारला नाही की, मग पुरानंतर घाटावर साचलेला गाळ उपसणाऱ्याचे पैसे कोण देणार? तो प्रश्न विचारण्याची गरजच कोणास भासली नाही, कारण उत्तर सर्वांस ठाऊक होते: वरून येतील.

'वरून येतील' हे दोन शब्द आमच्या नगरराजकारणाचे बीजमंत्र झाले आहेत, आणि त्यात काशी एकटी नाही. महाराष्ट्रातील वाचकांनी आपल्याकडे पाहावे. नाशिकास २०१८ साली आयुक्तांनी घरपट्टीचे मूल्य वाढविले, तेव्हा नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणला. मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीने ठराव टळला, पण नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. मुंबईत १ जानेवारी २०२२ रोजी, महानगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली असता, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ताकर माफ झाल्याची घोषणा झाली. घोषणा राज्याच्या मुख्यमंत्र्यांची, तिजोरी मात्र महानगरपालिकेची! आणि मौज अशी की, ज्या निवडणुकीसाठी एवढी घाई, ती निवडणूक पुढे जानेवारी २०२६ पर्यंत झालीच नाही. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत नगरपालिका प्रशासकाच्या हाती राहिली.

त्याच मुंबईतील आणखी एक प्रसंग आम्हास फार बोलका वाटतो. जकात गेल्यानंतर महाराष्ट्र सरकारने २०१७ साली कायदा करून, दरसाल शेकडा ८ वाढ धरून, महानगरपालिकांस भरपाई देण्याचे मान्य केले. हे इतर अनेक राज्यांपेक्षा कितीतरी बरे झाले, कारण ती रक्कम कायद्याने मिळते. परंतु पहिला हप्ता आला तो कसा? ५ जुलै २०१७ रोजी राज्याचे अर्थमंत्री धनादेश घेऊन महानगरपालिकेच्या मुख्यालयात आले, आणि दोन मित्रपक्षांच्या नगरसेवकांनी परस्परांविरुद्ध घोषणा देऊन सभागृह दणाणून सोडले. शहराचा हक्काचा पैसा शहरास मिळाला, आणि तरी तो देणाऱ्याचा समारंभ झाला. आमच्या पगाराची रक्कम दरमहा एखाद्या मंत्र्याने हार-तुरे घेऊन हाती ठेवावी, तसाच हा प्रकार.

हे सर्व असे का चालते? उत्तर कठीण नाही. या व्यवहारात घेणारा आणि देणारा दोघेही सुखी आहेत. नगरसेवकास मतदाराच्या दारी जाऊन 'कर द्या' म्हणण्याचा कटू प्रसंग टळतो. दिल्ली-लखनौ-मुंबईच्या सत्ताधाऱ्यांस शिलेवर नाव मिळते. मतदारासही वाटते की फुकट मिळाले. ज्याने कर दिला नाही त्यास हिशेब विचारण्याचा धीर होत नाही, आणि ज्याने कर घेतला नाही त्यास हिशेब देण्याची भीती वाटत नाही. या परस्परांच्या सोयीतूनच आमचे नगरस्वराज्य पोकळ होत गेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अहवालातील आकडे पाहिले तर ही पोकळी डोळ्यांत भरते. २०२३-२४ च्या अंदाजांप्रमाणे केंद्राचे महसुली उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे शेकडा ९.२, राज्यांचे १४.६, आणि देशातील साऱ्या महानगरपालिकांचे मिळून ०.६! ज्यांच्या अंगावर झाडलोट, पाणी, गटारे, दिवे, जन्ममृत्यूच्या नोंदी, त्यांच्या हाती रुपयातला हा एवढासा कण.

दिल्लीस हे कळत नाही असे नव्हे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांस घटनेत स्थान दिले आणि वित्त आयोगावर त्यांचा विचार करण्याची जबाबदारी टाकली. दहाव्या वित्त आयोगाने शहरांसाठी पाच वर्षांकरिता १,००० कोटी सुचविले. चौदाव्याने सुमारे ८७,१४४ कोटी. पंधराव्याने २०२१ ते २०२६ साठी १,२१,०५५ कोटी. वाढ दृष्टी दिपविणारी आहे. पण पैशाबरोबर अटींची दोरीही लांबत गेली. चौदाव्या आयोगाने रकमेचा एक भाग तपासलेले हिशेब व स्वतःच्या उत्पन्नातील वाढ यांस बांधला. पंधराव्याने घरपट्टीचे किमान दर जाहीर केल्यावाचून अनुदान नाही असे म्हटले. आणि काशीसारख्या दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांस तर मोकळी अशी रक्कमच ठेवली नाही. त्यांना मिळावयाचे ते सारे हवेची शुद्धता, पाणी व घनकचरा यांस बांधलेले.

घरपट्टी वाढवा, हिशेब तपासून घ्या, या अटी आम्हास वाईट वाटत नाहीत. त्या शहाण्या आहेत. वाईट वाटते ते हे की, जे काम नगराच्या मतदाराने आपल्या प्रतिनिधीकडून करवून घ्यावयाचे, ते दिल्लीतील आमच्यासारख्या कारकुनाने परिपत्रकाच्या जोरावर करवून घ्यावे, अशी पाळी आली. परिपत्रकाने प्रमाणपत्रे येतात. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत काशीचा समावेश होता. दहा लाखांहून मोठ्या व चाळीस लाखांहून लहान शहरांसाठी केंद्राने ५०, राज्याने २० आणि शहराने ३० टक्के भार उचलावा, आणि सात वर्षांत पाणी-मैल्याच्या सेवांचा चालू खर्च शुल्कातून भरून यावा, असे तेथे लिहून घेतले होते. सात वर्षे उलटली, योजनेचे नाव बदलले, सरकारे बदलली. चालू खर्च शुल्कातून भरून निघण्याचा दिवस काही उगवला नाही.

नंतर स्मार्ट सिटी आली. सप्टेंबर २०१६ च्या यादीत काशीची निवड झाली. केंद्राचे ५०० कोटी व तेवढीच इतर भर, असा हिशेब होता. ही रक्कम मात्र नगर निगमाच्या हाती पडावयाची नव्हती. तिच्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापावयाची होती. निर्णय नगराच्या सभागृहात होण्याऐवजी कंपनीच्या संचालक मंडळात होऊ लागले. नवी मुंबईच्या सभागृहाने २०१५ च्या डिसेंबरात या कंपनीपायी आपला अधिकार जातो म्हणून योजनाच नाकारली होती. त्या नकारामागे पक्षीय राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? परंतु आक्षेप खोटा नव्हता. ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. आता तिने उभारलेल्या कॅमेऱ्यांची, फलकांची, चौकांची निगा राखावयाची आहे, आणि पुन्हा एकदा तोच जुना प्रश्न नगरापुढे येऊन उभा राहिला आहे की, वीजबिल कोणी भरावयाचे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, काशी ही साऱ्या देशाची आहे. २०११ च्या शिरगणतीत या नगराची वस्ती सुमारे बारा लाख; यात्रेकरू मात्र वर्षाकाठी कोट्यवधी. त्यांनी केलेला कचरा, त्यांना लागणारे पाणी, त्यांच्या प्रेतांना लागणारी चिता यांचा भार स्थानिक विणकराने व दुकानदाराने का सोसावा? देशाने तो उचलला तर त्यात दान कसले?

आम्ही या आक्षेपाशी पूर्णपणे सहमत आहोत. किंबहुना आमचे म्हणणे नेमके हेच आहे. जे देणे आहे त्यास दान म्हणू नका. यात्रेकरूंचा भार हा मोजता येण्याजोगा आहे. तो मोजा, त्याचे सूत्र ठरवा, आणि त्या सूत्राप्रमाणे काशीस, पंढरपुरास, नाशिक-त्र्यंबकेश्वरास, पुरीस, अजमेरास दरसाल रक्कम द्या; तेथील खासदार कोणत्या बाकावर बसतो हे पाहू नका. आषाढीस पंढरपुरात लोटणाऱ्या लाखो वारकऱ्यांची विष्ठा उचलणे हे काय पंढरपूरच्या करदात्यानेच करावे? २०१५ साली बारा ऐतिहासिक नगरांसाठी हृदय योजना निघाली, तीत काशीच्या वाट्यास ८९ कोटींच्या घरात रक्कम आली. २०१९ च्या मार्चमध्ये योजना संपली. यात्रेकरू काही २०१९ मध्ये संपले नाहीत. येणारा माणूस रोज येतो, आणि पैसा मात्र योजनेच्या मुदतीने येतो, हाच तो घोटाळा.

आता आमच्या स्वतःच्या पापाकडे वळणे प्राप्त आहे. नाहीतर हे सारे लिखाण परोपदेशे पांडित्य ठरेल. या मासिकाचे वाचक बहुतांशी आमच्यासारखेच, केंद्राच्या नोकरीत परमुलखी राहणारे. आपण ज्या कचेऱ्यांत बसतो त्या इमारतींवर घरपट्टी बसत नाही. घटनेच्या २८५ व्या कलमाने संघराज्याची मालमत्ता राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या करांतून मुक्त केली आहे. काशीसारख्या नगरात, जेथे रेल्वेच्या जमिनी, टपाल, आयकर व इतर खात्यांच्या कचेऱ्या ठायी ठायी आहेत, तेथे याचा अर्थ काय होतो हे नकाशा पाहिल्यास समजते. कराऐवजी सेवाशुल्क द्यावे, असे धोरण १९५४ पासून आहे. राजकोट महानगरपालिकेच्या दाव्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्याची निश्चिती झाली. नगरपालिकेच्या सर्व सेवा घेतल्यास कराच्या शेकडा ७५, काही घेतल्यास ५०, न घेतल्यास ३३⅓. म्हणजे सर्व सेवा घेऊनही चवथाई सूट! आणि जे द्यावयाचे तेही आपण कसे देतो?

आमच्या मागील नेमणुकीच्या गावी, त्याचे व कचेरीचे नाव येथे सांगत नाही, सेवाशुल्काच्या मागणीची फाइल आमच्याच मेजावर आली होती. मागणी योग्य होती. कचरागाडी आमच्या फाटकाशी रोज सकाळी येत असे व आमचा शिपाई त्यात टोपली रिकामी करीत असे. पण मार्च महिना होता, तरतूद अपुरी होती, आणि वरिष्ठांची इच्छा आम्हास न सांगता कळत होती. आम्ही टिपण लिहिले: "मागणीतील क्षेत्रफळाचा तपशील या कार्यालयाच्या अभिलेखाशी जुळत नाही; सविस्तर तपशिलासह प्रस्ताव पुनश्च सादर करावा." फरक काही चौरस फुटांचा होता. फाइल गेली, पुढल्या वर्षी आली, पुन्हा एक आक्षेप सापडला. आमची बदली झाली तेव्हा ती तिसऱ्या फेरीस निघाली होती. आमच्या नोकरीच्या नोंदीत त्याबद्दल दोषारोप नाही. कोठल्याही नियमाचा भंग आम्ही केला नव्हता. तरी त्या गावच्या झाडूवाल्याच्या पगारातील एक भाग आम्ही आपल्या सुवाच्य अक्षराने अडवून धरला, हे आम्हास ठाऊक आहे.

एवढ्यावरही भागत नाही. आपण भाड्याच्या घरात राहतो; घरमालक नगरपालिकेस 'स्वतः राहतो' असे लिहून देतो, आणि आपण आयकराच्या सवलतीसाठी भाड्याची पावती मात्र त्याच्याकडून घेतो. दोन कागद, दोन सत्ये, आणि दोन्हींस आपण साक्षी. संध्याकाळी गच्चीवर बसून गल्लीतल्या कचऱ्याबद्दल तावातावाने बोलावयास आपणच पुढे!

म्हणून आमच्या मागण्या थोड्या पण स्पष्ट आहेत. पहिली, जे बांधावयाचे त्याचा चालविण्याचा खर्च कोण, कोठून, किती वर्षे देणार हे लिहिल्यावाचून एकाही नागरी योजनेस मंजुरी मिळू नये. रमणाच्या केंद्रास जे जमले ते चौकातल्या दिव्यास का जमू नये? दुसरी, यात्रास्थळांचा भार सूत्राने मोजून कायद्याने द्यावा. तिसरी, वस्तू व सेवा करात शहराचा ठरावीक वाटा असावा. ज्या बाजारात तो कर जन्मतो तो बाजार झाडतो नगर निगम. चौथी, संघराज्याच्या मालमत्तेची २८५ व्या कलमाची सूट नगरपालिकांपुरती तरी संपवावी, आणि तोवर सेवाशुल्काची रक्कम वर्षारंभीच, मागणीची वाट न पाहता, भरावी. आणि पाचवी, लोकनियुक्त सभागृहाने घरपट्टी बसवावी, वसूल करावी, आणि तिचा जमाखर्च वॉर्डावॉर्डांतून भिंतीवर लावावा. फाटकबंदीचा पहारेकरी दिसत होता म्हणून काशीकर वर्गणी देत होते, हे विसरू नये.

यांतल्या पहिल्या चार गोष्टी दिल्ली व लखनौच्या हातच्या आहेत. पाचवीचा मोठा भाग नागरिकांच्या हाती आहे, आणि त्यात परमुलखी राहणाऱ्या मराठी माणसाचे कर्तव्य कमी नाही. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०५ साली याच काशीत काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. गल्लीतील नळाचा कारभार आणि साम्राज्याचा अर्थसंकल्प यांकडे त्यांनी सारख्याच काटेकोरपणे पाहिले. आपण त्यांचे नाव घेतो. त्यांची सवय घेत नाही. येथल्या गणेशोत्सवात आपण दहा दिवस उत्साहाने जमतो, व्याख्याने ठेवतो, महाराष्ट्रातून वक्ते बोलावितो. एखादे वर्षी एका संध्याकाळी आपल्याच वॉर्डाचा जमाखर्च घेऊन बसलो, आपल्या घरमालकाची करपावती मागून पाहिली, आणि आपल्या कचेरीत सेवाशुल्काची फाइल कोठे अडली आहे याची चौकशी केली, तर श्रीगजाननाची ती काही कमी सेवा होणार नाही.

पुढच्या वेळी पाहुणे नावेतून उतरून "खासदार मोठा हवा" म्हणतील, तेव्हा आम्ही मान डोलावणार नाही. त्यांस परत अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर नेऊन विचारू, "तुमच्या गावची घरपट्टी भरलीत का, आणि तिचा हिशेब कोणाला विचारलात?" पाहुण्यांस राग येईल, कदाचित पुढल्या खेपेस ते दुसरीकडे उतरतील. आमच्या मेजावरून तीनदा परत गेलेली ती फाइल आठवली की, एवढी शिक्षा आम्हास सौम्यच वाटते.